भिंतीपासून वीतभर

दांडिया बाजाराच्या मागच्या एका गल्लीत आमचं मराठी वाचनालय आहे. दुमजली लाकडी वाडा, मध्ये चौक, चौकाच्या तीन बाजूंना कपाटं आणि उत्तरेला एक लांबट, अंधारी खोली. तिला सगळे ‘मागची खोली’ म्हणतात. माझे आजोबा याच ओटीवर बसून वर्तमानपत्र वाचायचे. आई लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा पहिल्या महिन्यातच तिनं इथली वर्गणी भरली होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर कार्यवाह म्हणून किल्ल्या माझ्याकडे आल्या.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला. आमच्या गल्लीपर्यंत नदी आली नाही, पण गटारं तुंबली आणि मागच्या खोलीतल्या मोरीतून पाणी उलटं आत शिरलं. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा खालचे दोन खण भिजून फुगले होते. पुस्तकं इतकी फुगली होती की खणातून ओढून निघेनात. ग्रंथपालकाकांनी खणाची फळीच उचकटली. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. फळी हातात धरून ते नुसते उभे राहिले, आणि मग म्हणाले, “आता बोलू नका कुणी, आधी मोजा.” एकशे बेचाळीस भरली.

भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि आमचे तीन दिवस तर पाण्यातच गेले होते. एवढी पुस्तकं एकदम वाळवायला जागा नव्हती, पंखे नव्हते. पुस्तकं गोठवली की बुरशी थांबते आणि वाळवायला सवड मिळते, हे मी वाचलं होतं. आमच्या एका जुन्या सभासदाच्या मुलाचा आइस्क्रीमचा घाऊक धंदा आहे. त्यानं एक अख्खा डीप फ्रीझर रिकामा करून दिला. प्रत्येक पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळून, पाठकणा खाली ठेवून, दुधाच्या क्रेटमध्ये रचलं आणि तिकडे नेलं. पुढचे दोन महिने दहा-दहा पुस्तकं बाहेर काढत होतो. दर पंधरा-वीस पानांमागे टिपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, पंख्याचा वारा पुस्तकावर थेट न सोडता खोलीत खेळता ठेवायचा. उन्हात ठेवायचा मोह सगळ्यांना झाला. उन्हात पुठ्ठे वाकतात आणि कागद आणखी कडक होतो, म्हणून मी ठेवू दिली नाहीत. मध्ये वर्तमानपत्रही घालायचं नाही, त्याची शाई पानांवर उतरते. चोवीस पुस्तकं गेली. त्यातली बरीचशी गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली होती. तो कागद भिजला की पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट होते.

त्यानंतरच्या सभेत स्कॅनिंगचा ठराव एकमतानं झाला. घाईनं झाला, असं मला आज वाटतं.

आम्ही एका एजन्सीला काम दिलं. दर पानामागे पैसे, दोन खोकी पुस्तकं, तीन आठवड्यांची मुदत. खोकी परत आली तेव्हा वरचंच पुस्तक मी हातात घेतलं आणि पानं सुटी होऊन ओटीवर पसरली. यंत्रातून भराभर पानं जावीत म्हणून त्यांनी पुस्तकांचे पाठकणे कापले होते. सरळ, स्वच्छ, एका रेषेत. करारात “पुस्तकं सुस्थितीत परत” असं होतं. त्यांच्या मते पानं सगळी होती, म्हणजे स्थिती सुस्थितीच होती. फाइली उघडल्या तेव्हा दुसरं नुकसान दिसलं. सगळं काळं-पांढरं केलेलं. या पद्धतीत प्रत्येक ठिपका एकतर काळा होतो नाहीतर पांढरा. छापील अक्षर त्यात ठळक दिसतं, पण पेन्सिलीच्या खुणा, वाचनालयाचा फिका जांभळा शिक्का, समासात कुणी बारीक अक्षरात लिहिलेलं “हे चूक आहे, पान ८४ पाहा” हे सगळं पांढऱ्यात जातं. मुखपृष्ठाच्या आतली कोरी पानं त्यांनी ‘रिकामी’ म्हणून गाळली होती. त्या रिकाम्या पानांवरच तर देणगीदारांची नावं होती, कुणाच्या तरी स्मरणार्थ दिल्याचे मजकूर होते.

मला त्या रात्री झोप लागली नाही. पुरानं चोवीस पुस्तकं नेली होती, आणि त्याहून जास्त आम्ही आमच्या हातानं कापायला पाठवली होती.

सकाळी काकांनी एकच प्रश्न विचारला. “यातली किती पुस्तकं दुसरीकडे मिळतील?” आम्ही शोधत बसलो. खोक्यातल्या कादंबऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर आधीच होत्या, काही तर तीन-तीन ग्रंथालयांच्या प्रतींवरून चढवलेल्या. मग आमच्याकडेच आहे असं काय आहे? काका उठले आणि त्यांनी टेबलाच्या खालच्या खणातून दाखल नोंदवही काढली.

ती वही मी आधी शंभरदा पाहिली होती, पण वाचली नव्हती. खाकी कापडाची बांधणी, फुलस्केपपेक्षा थोडी मोठी, कोपऱ्यांना कातडं. सुरुवातीची पानं मोडीत. मोडी लिहिताना आधी ओळीची आडवी रेघ पूर्ण ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. वहीभर त्या रेघा अशा दिसतात की जणू कुणी वाळत घातलेल्या दोऱ्या आहेत आणि त्यांवर नावं टांगली आहेत. दाखलांक, तारीख, ग्रंथनाम, कर्ता, किंमत, कुठून आलं, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात “वाळवी”, “गहाळ”, “परत आले नाही, सभासद मुंबईस गेले”. एका पानावर ओळीनं अकरा पुस्तकांपुढे एकाच विधवा बाईंचं नाव आहे. नवऱ्याचा सगळा संग्रह त्यांनी एका दिवसात देऊन टाकला होता. ही वही जगात एकच आहे. सुरुवात इथून करायची होती.

बडोद्याला वाचनालयाचा वारसा लहानसहान नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना इथे आणलं. ते १९१३ पर्यंत होते, आणि तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय, वर्गीकरण, गावोगावची वाचनालयं आणि पेट्यांतून फिरणारी पुस्तकं अशी सगळी घडी बसली. १९१२ मध्ये इथून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं ग्रंथालयशास्त्राचं नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. ग्रंथालय कसं चालवावं हे मराठीत छापून निघत होतं, तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी! ही गोष्ट मी गल्लीतल्या प्रत्येक तरुणाला सांगते.

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी आमच्या मदतनीस मुलांना मुद्दाम घेऊन गेले. तिथली पोलादी कपाटं अनेक मजली आहेत आणि मधल्या मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या आहेत. वरचा उजेड काचेतून झिरपत खालच्या कपाटापर्यंत येतो. त्या काळी पुस्तकांजवळ दिवा न्यावा लागू नये, आगीची भीती नको, हा विचार इमारतीच्या जमिनीतच घातलेला आहे. वास्तुशास्त्र शिकणारी एक मुलगी आमच्याकडे येते, घरी गुजराती बोलणारी, मला मासी म्हणते. ती त्या काचेवर चवड्यांवर बसून बराच वेळ खाली बघत राहिली आणि म्हणाली, “मासी, आपल्या वाड्यात हेच काम चौक करतो.” माझं आयुष्य त्या वाड्यात गेलं, पण चौकाकडे मी तसं पाहिलं नव्हतं.

यंत्र आम्ही घरीच बांधलं. गल्लीच्या सुताराकडून इंग्रजी व्ही अक्षरासारखा लाकडी पाळणा करून घेतला. पुस्तक त्यात शंभर अंशाच्या आसपासच उघडतं, पाठकण्यावर ताण येत नाही. वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंना तिरके दिवे, पान सपाट राहावं म्हणून हलकी काच. एक जण पान उलटतो, दुसरा बटण दाबतो, तिसरा पडद्यावर पाहतो. दिवसाला दोनशे पानं झाली तर खूप. सगळं रंगीत, इंचाला चारशे ठिपके. साध्या पुस्तकाच्या एका पानाची मूळ फाइल वीस-बावीस एमबीची होते, म्हणजे तीनशे पानांचं पुस्तक सहा-साडेसहा जीबी. नोंदवहीच्या एका पानाला तर पन्नास एमबीच्या वर लागतात. लोकांना वाचायला हलकी पीडीएफ वेगळी. मूळ फाइल दाबायची नाही, छाटायची नाही. पानाच्या कडा दिसल्या पाहिजेत, कोरं पानही घ्यायचं.

फाइलींच्या तीन प्रती. एक वाचनालयात, एक माझ्या घरी, एक गावाबाहेर. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं संकेतस्थळ बंद पडलं तेव्हा त्यातली पुस्तकं वाचकांना मिळत राहिली ती इंटरनेट आर्काइव्हवर प्रती गेल्या होत्या म्हणून. एका जागी ठेवलेली वस्तू कागदाची असो की विजेची, ती एका अपघाताच्या अंतरावर असते. प्रत्येक फाइलीचा अंगठ्याच्या ठशासारखा एक सांकेतिक आकडा संगणक काढून देतो. दर तीन महिन्यांनी तो पुन्हा काढून ताडून पाहायचा. दुसऱ्याच खेपेला एका डिस्कवरच्या अकरा फाइलींचे आकडे जुळले नाहीत. दिसायला त्या ठीक होत्या. दुसऱ्या प्रतीवरून बदलल्या आणि ती डिस्क काढून टाकली.

सगळ्यात वेळ खाल्ला तो तारखांनी. मराठी पुस्तकावर शके, गुजराती देणगीदाराच्या मजकुरात विक्रम संवत, सरकारी शिक्क्यावर इसवी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८४० म्हणजे १९१९. गुजरातेत संवत दिवाळीनंतर पालटतो, म्हणून दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करायचे आणि पुढे ५६. मुलांनी आधी सगळीकडे सरसकट ७८ मिळवून टाकले होते. काकांनी तिथीनुसार एकेक नोंद पुन्हा बसवली. मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यात आणि इसवी शेजारी, असा नियम तेव्हापासून आहे.

शोधाची अडचण वेगळी. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी अक्षरं वाचतं, आणि स्वच्छ छपाई असेल तर बरंच वाचतं. पण १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘केलें’, ‘पुस्तकें’ असे अनुस्वार पानोपानी. आजचा वाचक ‘पुस्तके’ असं टाइप करतो आणि संगणक सांगतो, सापडलं नाही. पुस्तक समोर असून सापडत नाही! मजकूर सुधारून टाकावा अशी एक सूचना आली. मी ठाम नकार दिला. जुनं लेखन जसं आहे तसं ठेवायचं, आणि शोधासाठी अनुस्वार गाळलेली दुसरी प्रत आत लपवायची. कामाला दुप्पट वेळ लागला, पण आजीच्या पिढीनं लिहिलेली मराठी आम्ही शुद्ध करत बसलो नाही.

काय नेटवर ठेवायचं यावर दोन सभा गेल्या. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. रियासतकार सरदेसाई बडोद्याच्याच नोकरीत होते. ते १९५९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत छापलेलं २०२० पासून सगळ्यांचं झालं. आमचे राजकवी यशवंत १९८५ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे संग्रह २०४५ सरेपर्यंत नेटवर ठेवायचे नाहीत. ते स्कॅन करून जपून ठेवता येतात, कारण कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली आहे. संस्थानच्या सयाजी साहित्यमालेतली जी पुस्तकं आमच्याकडे आहेत ती नोंदवहीनंतर लगेच घेतली. देवघेवीच्या वह्यांबाबत मात्र मी वेगळा आग्रह धरला. कुणी कोणतं पुस्तक कधी नेलं हे त्यात आहे, आणि त्यातली काही माणसं अजून गल्लीत राहतात. कुणाच्या वाचनाचा हिशेब जगापुढे मांडायचा अधिकार आम्हाला नाही. त्या वह्या स्कॅन झाल्या आहेत. कुणी आपल्या घरच्या माणसाची नोंद मागायला आलं तर इथे बसून दाखवतो.

काम रंगात आलं होतं तेव्हा विश्वस्तांच्या बैठकीत एक कागद आला. एका बिल्डरचा प्रस्ताव. वाडा पाडून पाच मजले, तळमजल्यावर वाचनालयाला वातानुकूलित हॉल फुकट. आणि एक विश्वस्त अगदी सरळ मनानं म्हणाले, “नाहीतरी सगळं कम्प्यूटरवर येतंच आहे, मग वाडा कशाला अडवायचा?”

माझ्या पोटात गोळा आला. आम्ही वाचवण्यासाठी जे करत होतो तेच पाडण्याचं कारण होऊन समोर आलं होतं. त्या विश्वस्तांचा मला राग नाही, त्यांनी पुरात कंबरेइतक्या पाण्यातून येऊन मोरीला बोळे लावले होते. पण मी मुदत मागितली, आणि त्या मुदतीत वाड्याचंही पुस्तकासारखं काम सुरू केलं.

मासी म्हणणारी मुलगी आणि तिचा एक मित्र लेसरचं मोजमाप घेऊन आले. एकही खोली काटकोनात नाही. मागच्या खोलीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा नऊ इंच अरुंद निघालं. खांब, तुळया, कोरीव धिरे, जिन्याची एकेक पायरी, सगळ्याचे फोटो असे काढले की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग पुन्हा यावा. त्यावरून संगणक वाड्याची त्रिमिती प्रतिकृती जुळवतो. चौदाशे फोटो झाले. पडद्यावर वाडा फिरवता यायला लागला तेव्हा ती मुलगी गप्प झाली आणि उत्तरेची भिंत मोठी करून म्हणाली, “ही ओल सगळीकडे एकाच उंचीवर थांबते. का?”

कडिया, म्हणजे गवंडी, आला. वयस्क माणूस, जुन्या बडोद्यातली कितीतरी घरं त्यानं उकरलेली. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, एका जागी छिन्नी लावली आणि ताटाएवढा पोपडा हातात काढून दिला. वरून सिमेंट, आत विटा आणि चुना, आणि विटा हाताला गार, ओल्या. केव्हातरी कुणीतरी भिंत पक्की करावी म्हणून आतून-बाहेरून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि हवेत सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं. ओल आत अडकली, वर चढली आणि जिथे सिमेंट संपतं तिथे बाहेर आली. त्याच भिंतीला पाठ लावून आमची कपाटं उभी होती. म्हणजे पुराच्या कितीतरी आधीपासून त्या पुस्तकांना कसर आणि बुरशी लागत होती. वीस वर्षं आम्ही डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला बदलत राहिलो, आणि दुखणं भिंतीत होतं.

पुढच्या बैठकीला मी भाषण केलं नाही. तो पोपडा टेबलावर ठेवला, नोंदवहीतली “बुरशी” आणि “कसर” असे शेरे असलेली पानं छापून नेली आणि त्यातली कपाटं वाड्याच्या नकाशावर रंगवली. जवळजवळ सगळे ठिपके उत्तरेच्या भिंतीवर पडले. ज्या विश्वस्तांनी प्रश्न विचारला होता, त्यांनीच तो नकाशा उचलून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “भिंत दुरुस्त करायला किती येईल?” प्रस्ताव फेटाळला गेलेला नाही, पुढे ढकलला आहे. पण दुरुस्तीचे पैसे मंजूर झाले.

सिमेंट उतरवायला अकरा दिवस लागले. चुना आठवडाभर भिजवून ठेवला, त्यात विटांची सुरखी घातली. पहिला हात झाला तेव्हा खोलीत जो वास आला, तो लहानपणी दिवाळीआधी घर पांढरं केल्यावर यायचा तसा होता. काका दारातच उभे राहिले, आत यायलाच तयार नव्हते, चुन्याला पाऊल लागेल म्हणून.

दाखलांक ३४१२ पर्यंत स्कॅन झालं आहे. पाळण्याचं लाकूड एका बाजूनं झिजलं आहे, नवं करायचं आहे. चुन्याचा दुसरा हात दिवाळीनंतर. तोवर मागच्या खोलीतली कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवली आहेत. काका रोज सकाळी कुलूप उघडलं की आधी त्या फटीत हात घालतात, तळवा भिंतीवर टेकवून क्षणभर थांबतात, आणि मग वर्तमानपत्रं मांडायला जातात.